अंटार्क्टिका मोहिमेसाठी अर्ज : खानदेशातल्या मुलांनी आधी काय तयार ठेवावं

भुसावळच्या आयटीआयमधून निघालेला डिझेल मेकॅनिक अंटार्क्टिकाला जाऊ शकतो, असं म्हटलं की पोरं आधी हसतात. पण 'मैत्री' (१९८९) आणि 'भारती' (२०१२) ही आपली दोन्ही केंद्रं जनरेटरवर चालतात. जनरेटर बसला की संशोधनही बसलं. म्हणून शास्त्रज्ञांसोबत मेकॅनिक, वेल्डर, स्वयंपाकी, डॉक्टरही जातात.

ही भरती गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र करतं. जाहिरात त्यांच्याच संकेतस्थळावर येते. पदं कंत्राटी असतात, वयाची आणि अनुभवाची अट पदागणिक बदलते. तेव्हा गेल्या वर्षीच्या जाहिरातीवर विसंबू नका. संशोधनाची वाट वेगळी. तिथे सुटा विद्यार्थी अर्ज करत नाही. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठासारख्या (उमवि) संस्थेतल्या प्राध्यापकांनी प्रकल्प प्रस्ताव संस्थेमार्फत पाठवायचा. हे काम अंटार्क्टिकातच का करायचं, याचं उत्तर प्रस्तावात पहिल्याच पानावर दिसू द्या.

कागदपत्रांत पासपोर्ट सगळ्यात आधी काढा. गुणपत्रिका, ट्रेडचं प्रमाणपत्र, जन्माचा पुरावा घरात असतोच. नोकरी असेल तर ना हरकत दाखला लागतो. अडतं ते अनुभवाच्या दाखल्यावर. माझ्याकडे एक मुलगा गॅरेजचा दाखला घेऊन आला, त्यावर एवढंच : 'मुलगा होतकरू व प्रामाणिक आहे.' कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या इंजिनांवर काम केलं, काही नाही! लेटरहेड, तारखा, कामाचं स्वरूप, सही-शिक्का, एवढं लिहून घ्याच.

निवडीनंतर कसून वैद्यकीय तपासणी होते, मग उत्तराखंडात औलीला बर्फातलं प्रशिक्षण. दोन्हींत टिकलात तरच पुढे. हिवाळी तुकडीत, म्हणजे हिवाळाही तिथेच काढणाऱ्या गटात, गेलात तर वर्षाहून जास्त काळ घर विसरा. हे घरच्यांना अर्जाआधीच सांगा.

तिथले नियम आंतरराष्ट्रीय आहेत. १९५९ साली बारा देशांनी केलेल्या अंटार्क्टिक कराराने तो खंड फक्त शांततेच्या कामासाठी राखला, लष्करी सराव बंद केले आणि संशोधनाचे निष्कर्ष एकमेकांना खुले ठेवायचं ठरवलं. भारत १९८३ मध्ये त्यात आला. आता आपला २०२२ चा कायदाही आहे : मोहिमेला परवाना लागतो, आणि बाहेरची माती, रोपं, बिया तिथे नेता येत नाहीत. शेतात वापरलेले बूट बॅगेत टाकणार असाल तर आधी तळ उलटा करून बघा. काळी माती शिवणीत बसते आणि गोखरूचा काटा तर लेसमध्येही सापडतो.