फोगो सेल्व्हाजेम की पेम्फिगस वल्गॅरिस? आधी तोंड उघडून बघा

फोगो सेल्व्हाजेम हा मध्य ब्राझीलच्या ग्रामीण भागातला पेम्फिगस, तर पेम्फिगस वल्गॅरिस जगभर आढळणारा. दोन्ही आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उठते, फोड येतात आणि कातडी सोलवटते. फोडाशेजारची धडधाकट दिसणारी त्वचा बोटाने दाबून सरकवली की वरचा थर सुटून येतो. या खुणेला निकोल्स्कीचं चिन्ह म्हणतात. ते दोन्हींत सापडतं, म्हणून त्यावरून निवाडा होत नाही. निवाडा बहुतेक वेळा तोंडात होतो.

पेम्फिगस वल्गॅरिसची सुरुवात पुष्कळदा गालाच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर किंवा टाळूवर होते. महिनोन्‌महिने ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू राहतात आणि अंगावरचे फोड नंतर येतात. फोगो सेल्व्हाजेममध्ये अंगाची सालपटं निघत असली तरी तोंड स्वच्छ असतं.

असं का? त्वचेच्या पेशी एकमेकींना डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी चिकटलेल्या असतात. डेस्मोग्लीन १ त्वचेच्या वरच्या थरांत जास्त, तर डेस्मोग्लीन ३ खालच्या थरांत. तोंडाच्या अस्तरात मात्र ३ नंबरचं सगळीकडे भरपूर असतं. फोगोतली प्रतिपिंडं (प्रतिकारशक्तीची हल्ला करणारी प्रथिनं, अँटिबॉडी) फक्त १ नंबरवर हल्ला करतात, त्यामुळे तोंडात ३ नंबरचं प्रथिन वीण सांभाळून घेतं. वल्गॅरिसमध्ये ३ नंबरच निकामी होतं, मग आधार उरत नाही. त्वचेवरचे फोड यायला बहुधा दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडं लागतात.

फोडाचं रूपही यावरूनच ठरतं. फोगोत फट अगदी वरच्या थरात पडते, त्यामुळे फोड इतका पातळ की अखंड क्वचितच दिसतो. डोकं, चेहरा, छाती आणि पाठ इथे ओलसर खपल्या आणि पापुद्रे दिसतात. उन्हात जळजळ वाढते. पोर्तुगीजमधल्या नावाचा अर्थच ‘रानटी आग’. (पूयजनक स्टॅफिलोकोकस जंतूंचं विषही हेच डेस्मोग्लीन १ तोडतं, म्हणून लहान मुलांचा फोड येणारा इम्पेटिगो (त्वचेचा जंतुसंसर्ग) आणि फोगो यांत गल्लत होते.) वल्गॅरिसमध्ये फट तळाच्या थराच्या लगेच वर पडते. फोड मोठे आणि लिबलिबीत. फुटले की लालभडक, दुखरी जखम राहते.

माणसं आणि ठिकाणंही वेगळी. वल्गॅरिस जगभर, बहुधा चाळिशी-साठीत, सुटासुटा आढळतो. भारतात दिसणारा पेम्फिगस मुख्यतः हाच. फोगो मध्य ब्राझीलच्या ग्रामीण भागात, नद्यांकाठी, मुलं आणि तरुणांत, कधी एकाच घरात दोघा-तिघांना होतो. माटो ग्रोसो डो सुल राज्यातल्या टेरेना आदिवासींच्या लिमाँव व्हेर्दे वस्तीत त्याचं प्रमाण सुमारे ३ टक्के आढळलं. संशय चावणाऱ्या काळ्या माशीवर आणि वाळूमाशीवर आहे. वाळूमाशीच्या लाळेतल्या एका प्रथिनाशी रुग्णांची प्रतिपिंडं जुळतात. गवताचं छप्पर आणि मातीच्या भिंती हेही धोक्याचे घटक ठरले. मात्र रुग्णाला शिवल्याने हा आजार लागत नाही.

आईकडून बाळाला होण्यातही फरक आहे. वल्गॅरिस असलेल्या आईचं बाळ तात्पुरते फोड घेऊन जन्मू शकतं. फोगोत सहसा तसं होत नाही, कारण नवजात त्वचेत ३ नंबरचं प्रथिन वरपर्यंत पसरलेलं असतं आणि तेच बाळाला वाचवतं.

बायोप्सीत तपासणीसाठी त्वचेचे दोन तुकडे घेतात. हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही तुकडे फॉर्मेलिनमध्ये टाकणं. ताज्या फोडाच्या कडेचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये चालतो. इम्युनोफ्लोरेसन्ससाठी (त्वचेत चिकटलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणारी तपासणी) फोडालगतच्या निरोगी त्वचेचा दुसरा तुकडा मात्र मिशेल द्रवात (या तपासणीसाठी तुकडा टिकवणारा द्रव) किंवा, लवकर पोचणार असेल तर, सलाइनमध्ये पाठवायचा. फॉर्मेलिनने ती तपासणी वाया जाते. या तपासणीत पेशींमध्ये चमकणारी प्रतिपिंडांची जाळी तर दोन्ही आजारांत सारखीच दिसते. भेद सांगतो तो फट कोणत्या थरात आहे ते आणि डेस्मोग्लीन १ व ३ विरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी एलायझा ही रक्ततपासणी.

उपचाराचा कणा दोन्हीकडे स्टिरॉइड. जास्त पसरलेल्या फोगोत प्रेडनिसोलोन साधारण दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम रोज देतात. पण ब्राझीलच्या खेड्यात त्याआधी आतड्यातल्या स्ट्रॉन्जिलॉइड जंताचा बंदोबस्त आयव्हरमेक्टिनने करावा लागतो. तो राहून गेला, तर स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबताच जंत अंगभर पसरतो आणि रुग्ण कातडीच्या नव्हे, जंताच्या आजाराने दगावू शकतो. उपचार चालू असताना खपल्यांच्या जागी एकसारखे, मध्ये खळगा असलेले बारीक फोड आणि ताप आला, तर तो पेम्फिगसचा भडका समजून स्टिरॉइड वाढवू नये. बहुधा नागीण-गटातल्या हर्पिसची लागण असते; ॲसायक्लोव्हिर लगेच सुरू करावं लागतं.