कडक इस्त्रीमागचं पाणी

सुती टेबलक्लॉथ धुऊन वाळला की चुरगळलेलाच दिसतो. तसा तो दिसतो सेल्युलोजमुळे. कापूस आणि लिननचे धागे सेल्युलोजच्या लांबलचक रेणूंचे असतात आणि शेजारशेजारच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेलं असतं. पाणी आत शिरलं की यातले बरेच बंध सुटतात, रेणू थोडे सरकतात. कापड वाळतं तेव्हा ज्या आकारात पडलेलं असेल, त्याच आकारात नवे बंध जुळतात. म्हणून सुरकुती पक्की होते.

इस्त्रीला हेच बंध पुन्हा सोडवून सपाट अवस्थेत जुळवायचे असतात. कोरड्या टेबलक्लॉथवर इस्त्री दाबून दाबून फिरवली तरी हट्टी चुण्या तशाच राहतात. पाण्याचा हबका मारला की त्याच इस्त्रीखाली भराभर निघतात. माझ्या मते खरं काम पाणीच करतं. उष्णता रेणू सैल करते, नंतर पाणी पळवून लावते, एवढंच.

खळीतही, म्हणजे कापड कडक करायला लावतात त्या शिजवलेल्या स्टार्चमध्येही, पाण्याचाच खेळ आहे. स्टार्चचे कण गार पाण्यात विरघळत नाहीत, तळाशी बसतात. साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसला ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात. दुधासारखं पांढरं पाणी बघता बघता दाट आणि अर्धपारदर्शक होतं. कोरडी पूड थेट उकळत्या पाण्यात टाकली तर गोळ्याचा बाहेरचा थर आधी शिजतो आणि आतली पूड कोरडीच राहते. हीच ती गुठळी. म्हणून पूड आधी गार पाण्यात कालवायची.

वाळलेल्या खळीचा पातळ थर धाग्यांना एकमेकांवरून सरकू देत नाही, म्हणून कापड ताठ राहतं. डाग बराचसा या थरावरच अडतो आणि धुताना खळीबरोबर निघून जातो. नॅपकिनला मात्र खळ अगदी पातळ द्यावी, नाहीतर तो पाणी नीट टिपत नाही. पॉलिएस्टरवर खळ फारशी धरत नाही.

खळीचं कापड दमट असतानाच, उलट्या बाजूने इस्त्री करावं. इस्त्री फार तापली की स्टार्च करपून पिवळे डाग पडतात. घडी कापड गार झाल्यावरच घालावी. गरम, दमट कापडात नको तिथे मोड बसते.

कपाटात महिनोन्महिने ठेवायचं कापड मात्र खळ धुऊन काढूनच ठेवा. स्टार्च हे कसरीचं आणि बुरशीचं आवडतं खाद्य आहे.