प्राणी-दत्तकग्रहण (पाळीव)

टाकून दिलेल्या, जखमी अवस्थेत सापडलेल्या किंवा क्रूर वागणुकीतून सोडविलेल्या पाळीव प्राण्यास, विशेषतः कुत्र्यामांजरांस, उपचार, लसीकरण व निर्बीजीकरण यांनंतर पारखून निवडलेल्या कुटुंबाकडे कायमचे सोपविण्याची प्रथा. ‘दत्तक’ हा शब्द येथे लक्षणेने वापरला जातो. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याशी त्याचा संबंध नाही. कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राणी ही मालमत्ता असल्याने दत्तकपत्र म्हणजे वस्तुतः अटींसह केलेले हस्तांतरण होय. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील वन्यप्राणी दत्तक योजना याहून वेगळी आहे; तीत दत्तक घेणारा केवळ खर्चाचा भार उचलतो आणि प्राणी उद्यानातच राहतो.

भारतात या प्रथेचे मूळ पांजरपोळात, म्हणजे निराधार व जखमी प्राण्यांच्या आश्रयगृहात, शोधण्याची रीत आहे. त्यासाठी अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखाचा (इ. स. पू. तिसरे शतक) दाखला दिला जातो, परंतु त्या लेखात माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेचा, औषधी वनस्पतींचा, विहिरींचा आणि वृक्षांचा उल्लेख आहे, आश्रयगृहाचा नाही. संस्थेविषयीची स्पष्ट वर्णने बऱ्याच नंतरची, गुजरातेतील खंबायत येथे आलेल्या युरोपीय प्रवाशांची आहेत. राल्फ फिच याने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील प्राण्यांच्या रुग्णालयांची नोंद केली. पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने 1623 मध्ये पाहिलेल्या पक्षी-रुग्णालयाचे वर्णन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे, कारण बरे झालेले रानपक्षी सोडून देत आणि माणसाळलेले पक्षी एखाद्या धार्मिक वृत्तीच्या गृहस्थास घरी सांभाळण्यासाठी देत, असे तो सांगतो. आश्रयातून घराकडे नेण्याची कल्पना येथे स्पष्ट दिसते. मात्र तिची सलग परंपरा पुढे चालू राहिली असे या एका उल्लेखावरून मानणे धाडसाचे ठरेल.

‘पांजरपोळ’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. पूर्वपदाचा संबंध ‘पिंजरा’ या शब्दाशी जोडण्यास सहसा हरकत घेतली जात नाही. उत्तरपद मात्र काहींच्या मते देवाच्या नावाने सोडलेला बैल, म्हणजे मराठीतील ‘पोळ’ होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अँग्लो-इंडियन कोशकारांनी हाच अर्थ दिला आहे. दुसऱ्या मतानुसार ते गुजराती ‘पोळ’, म्हणजे एका दरवाजाच्या आतली बंदिस्त वस्ती होय. संस्थेचा प्रसार प्रामुख्याने गुजरातेतून झालेला दिसत असल्याने, आणि तेथे बैलांबरोबर पक्षी व कुत्रीही ठेवली जात असल्याने, दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. व्युत्पत्ती कोणतीही मानली, तरी पांजरपोळाचे तत्त्व आजन्म सांभाळाचे होते. दत्तकग्रहणात आश्रयगृह हा मधला मुक्काम असतो, आणि हा भेद दृष्टिआड करता येत नाही.

मुंबईत 1832 मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल उसळली. त्यानंतर 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वर येथे पांजरपोळ स्थापन झाले. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध असावा, असे सामान्यतः मानले जाते. पुढे 1874 मध्ये प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था आणि 1883 मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभे राहिले. इंग्लंडमध्ये मेरी टील्बी यांनी 1860 मध्ये हॉलोवे येथे काढलेले कुत्र्यांचे आश्रयगृह 1871 मध्ये बॅटरसी येथे हलले. प्राण्याला मूळ मालकाकडे परत देणे किंवा नवे घर मिळवून देणे हे त्याचे उद्दिष्ट होते.

प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील कलम 11 नुसार, भूक-तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा रीतीने त्याला वाजवी कारणाविना टाकून देणे हा गुन्हा आहे. परंतु पहिल्या अपराधासाठी ठरलेला 10 ते 50 रुपयांचा दंड आज कोणालाही परावृत्त करू शकत नाही, हे नोंदविणे भाग आहे. मालक दोषी ठरल्यास जप्त प्राणी योग्य दत्तकविधानासाठी संस्थेकडे सोपविण्याची तरतूद 2017 च्या नियमांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली आणि घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदारावर टाकली.

व्यवहारात प्राणी प्रथम वेगळा ठेवतात, कारण पार्व्हो व डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगांची लागण झालेले पिल्लू काही दिवस निरोगी दिसू शकते. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू आईपासून तोडू नये, असा संकेत आहे. अनेक संस्था पिल्लास तात्पुरत्या घरी, म्हणजे ‘फॉस्टर’कडे ठेवतात, तेथे त्याचा स्वभाव पिंजऱ्यापेक्षा चांगला कळतो. इच्छुकाची मुलाखत, घरभेट, घरातील सर्वांची आणि भाड्याचे घर असल्यास घरमालकाची संमती, मांजरासाठी खिडक्यांना जाळी, आणि नंतरची विचारपूस हे नेहमीचे टप्पे होत. सांभाळणे अशक्य झाल्यास प्राणी परस्पर कोणाला न देता संस्थेकडेच परत करावा, ही अट या सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर पहिल्या अपयशाबरोबर प्राणी पुन्हा रस्त्यावर येतो.

शुल्क घ्यावे की नाही, याविषयी एकमत नाही. फुकट मिळालेल्या प्राण्याची किंमत राहत नाही, असा जुना समज आहे. परंतु अमेरिकेत मांजरांविषयी झालेल्या पाहणीत शुल्कमाफीमुळे जिव्हाळा कमी झाल्याचे आढळले नाही. पिल्लांच्या धंद्यासाठी जातिवंत मादी नेली जाण्याचा धोका मात्र खरा आहे, आणि तो टाळण्यास शुल्कापेक्षा सोपविण्यापूर्वीचे निर्बीजीकरण अधिक उपयोगी पडते. लहान पिल्लांच्या बाबतीत हे निर्बीजीकरण पुढे ढकलावे लागते आणि पालकाच्या शब्दावर अवलंबून राहावे लागते. या व्यवस्थेतील सर्वांत कच्चा दुवा हाच आहे.

सुटका केलेला देशी पोपट किंवा तारा कासव दत्तक देता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार ते वन विभागाकडे सोपवावे लागतात. लाल कानांचे विदेशी कासव नकोसे झाले तरी तळ्यात सोडू नये, कारण ते स्थानिक कासवांचे अन्न व जागा बळकावते.