पैसे जागेवर, वॉलेट मागे

बोटीवर नोकरी करणारी कोकणातली मुलं सहा-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून साइन ऑफ होतात आणि जमलंच तर गणपतीच्या आत घर गाठतात. त्यातल्या काहींनी २०१६-१७ च्या सुमारास थोडेफार बिटकॉइन घेऊन ठेवले. फोनवर अ‍ॅप टाकलं, त्याने दिलेले बारा गुप्त शब्द वहीत उतरवले आणि विषय विसरले. मग एखाद्या सुट्टीत ते अ‍ॅप उघडलं जातं. मित्राने पाठवलेल्या पत्त्यावर थोडे बिटकॉइन पाठवायला जावं, तर लाल अक्षरात उत्तर येतं, की पत्ता चुकीचा आहे. किंवा नव्या फोनवर तेच बारा शब्द भरले, तर शिल्लक शून्य. घरात निष्कर्ष ठरलेला असतो. ‘तरी सांगत होते, एफडी कर.’

बहुतेक वेळा पैसे बुडालेले नसतात. वॉलेटमध्ये, म्हणजे त्या अ‍ॅपमध्ये, नाणी नसतातच मुळी. आंब्याची बाग देवगडला असते, तिची नोंद तलाठ्याकडे असते आणि घरातल्या ट्रंकेत असतो तो सातबाऱ्याचा उतारा. ट्रंक बदलली म्हणून कलमं हलत नाहीत. बिटकॉइनची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवरच्या सामाईक खातेवहीत असते. वॉलेटकडे असते ती गुप्त किल्ली, जिच्याने खर्चाच्या व्यवहारावर सही होते. फरक एवढाच, की इथे कागद हरवला तर दुसरा काढून देणारा तलाठी नाही.

मग बिघडतं काय? या नेटवर्कचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणजे अपग्रेड होतात. बिटकॉइनमधले मोठे बदल सहसा ‘सॉफ्ट फोर्क’ पद्धतीने होतात. नवे नियम जुन्यांपेक्षा कडक असतात, पण जुन्या चौकटीच्या आतच बसतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खातेवहीच्या ४,८१,८२४ व्या ब्लॉकपासून (पानापासून म्हणा) सेगविट नावाचा असा बदल लागू झाला. सह्यांची माहिती व्यवहाराच्या मूळ भागातून वेगळी काढली गेली आणि शुल्कही कमी झालं. जुन्या सॉफ्टवेअरला सेगविटचे पैसे सहीशिवाय कुणीही खर्च करावेत असे दिसतात, म्हणून ते असा व्यवहार नाकारत नाही. सही खरी की खोटी हे नवे नोड, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चालवणारे नेटवर्कवरचे संगणक, तपासतात. त्यामुळे तुमचे जुने पैसे जुन्या पत्त्यावर जसेच्या तसे राहतात आणि जुन्या किल्लीने खर्चही करता येतात.

अडतं ते पत्त्यांवर. बिटकॉइनचे मूळ पत्ते १ या आकड्याने सुरू होत. नंतर ३ ने सुरू होणारे आले. सेगविटबरोबर ‘बीसी१क्यू’वाले (bc1q) आले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये टॅपरूट हे पुढचं अपग्रेड लागू झाल्यावर ‘बीसी१पी’वाले (bc1p). वरवर पाहता शेवटच्या दोघांत एका अक्षराचा फरक, पण मागचं गणित वेगळं आहे. बीसी१वाल्या पत्त्याची शेवटची सहा अक्षरं ही आधीच्या अक्षरांवरून काढलेली पडताळणी असते; टंकताना चूक झाली तर ती तिथे पकडली जाते. बीसी१क्यू पत्त्यांच्या पडताळणीत पुढे एक भोक सापडलं. पत्त्याचं शेवटचं अक्षर ‘पी’ असेल, तर त्याच्या अगदी आधी कितीही ‘क्यू’ घुसडा किंवा काढा, पडताळणी तरीही बरोबरच येते! क्यूवाल्या पत्त्यांची लांबी ठरलेली असल्याने तिथे हे निभावून गेलं. पुढच्या पिढीच्या, म्हणजे बीसी१पी पत्त्यांसाठी मात्र सूत्रातला एक स्थिरांक बदलला गेला.

परिणाम असा, की जुनं वॉलेट बीसी१पी पत्ता जुन्या सूत्राने तपासतं, उत्तर जुळत नाही आणि ते पत्ता चुकीचा म्हणून हात वर करतं. हा नकार वैताग आणणारा असला, तरी ही रचना मुद्दाम केलेली आहे आणि मला ती फार आवडते. नवा नियम न समजणाऱ्या वॉलेटने पैसे भलतीकडे पाठवण्यापेक्षा पाठवूच नयेत, हे केव्हाही चांगलं. अ‍ॅप अद्ययावत करा, नाहीतर मित्राकडे जुन्या प्रकारचा पत्ता मागा. काम होतं.

शिल्लक शून्य दिसते ते प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि गोंधळ उडतो तो बहुतेक इथेच. बारा शब्द म्हणजे किल्ली नव्हे, किल्ल्यांचं बी. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते निवडलेले असतात आणि त्यांतून गणिताने अगणित किल्ल्या निघतात. कोणत्या वाटेने काढायच्या, याचे संकेत वेगवेगळे: १ वाल्या पत्त्यांसाठी ४४ क्रमांकाची वाट, ३ वाल्या सेगविटसाठी ४९, बीसी१क्यूसाठी ८४ आणि टॅपरूटसाठी ८६. शब्द तेच, वाट बदलली की पत्ते पूर्ण वेगळे. तुमचे पैसे ४४ वर पडून आहेत आणि नवं अ‍ॅप फक्त ८४ वर पाहतंय, तर ते प्रामाणिकपणे शून्य दाखवणार. शिवाय लागोपाठ वीस पत्ते रिकामे सापडले, की पुढे शोधायचं नाही, अशी बहुतेक वॉलेटची रीत. इलेक्ट्रमसारख्या काही वॉलेटची तर शब्दांची पद्धतच स्वतःची. ते बारा शब्द दुसऱ्या अ‍ॅपला चुकीचे वाटतात. म्हणून शून्य दिसल्यावर आधी सेटिंगमध्ये पत्त्याचा प्रकार बदलून पाहावा, किंवा मूळचंच अ‍ॅप पुन्हा टाकून पाहावं.

‘हार्ड फोर्क’मध्ये मात्र नवे नियम जुन्या चौकटीत बसत नाहीत, म्हणून जुनं सॉफ्टवेअर नव्या साखळीवर, म्हणजे नव्या खातेवहीवर, चालतच नाही. १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनमधून बिटकॉइन कॅश हे नाणं वेगळं झालं, तेव्हा दोन्हीकडचे पत्ते सारखेच दिसत आणि लोक एकाचे पैसे दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवून बसत. २०१८ च्या जानेवारीत कॅशने पत्त्याचं रूप बदललं, तेव्हा ती भानगड आटोक्यात आली. इथेरियम या दुसऱ्या नेटवर्कमध्ये तर हार्ड फोर्क नेहमीचेच. पण तिथे झळ बसते ती नोड चालवणाऱ्यांना, साध्या वापरकर्त्याला क्वचितच. ५ ऑगस्ट २०२१ च्या लंडन अपग्रेडमध्ये शुल्काची पद्धत बदलली, तरी जुन्या पद्धतीचे व्यवहार स्वीकारले जात राहिले. फक्त जुनं वॉलेट जो दर सांगेल, त्यातला नेटवर्कने ठरवलेल्या मूळ शुल्कावरचा सगळा भाग व्यवहार नोंदवणाऱ्याच्या खिशात जातो.

अपग्रेडच्या काळात खरा धोका वेगळाच असतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचं ‘मर्ज’ नावाचं मोठं अपग्रेड झालं. नाणी असणाऱ्यांनी काहीही करायचं नाही, असं त्यांच्या अधिकृत संकेतस्थळाने आधीच बजावलं होतं. कारण ‘तुमची नाणी नव्या आवृत्तीत बदलून घ्या’ म्हणत शब्द उकळणारे दबा धरून होतेच. बारा शब्द मागणारा मेसेज कितीही सभ्य मराठीत असो, तो चोराचाच.

आता त्या वहीबद्दल. जूनपासून आमच्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, वहीचं काय घेऊन बसलात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनकडच्या घरांची छपरं उडाली, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. अशात कागदाचा लगदा व्हायला कितीसा वेळ लागतो? शब्द स्टीलच्या पट्टीवर कोरून घेणं बरं. पट्टी ३१६ ग्रेडची मागा. ३०४ ला खाऱ्या हवेत डाग पडून खड्डे होतात, हे बंदरावरचा कुठलाही फॅब्रिकेटर सांगेल. मात्र शब्द त्याला देऊ नका, अक्षरांचे पंच आणून स्वतः ठोका. इंग्रजी यादी अशी बनवलेली आहे, की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द नक्की ओळखू येतो. बारा शब्दांना जास्तीत जास्त ४८ अक्षरं लागतात. उरलेल्या जागेत अ‍ॅपचं नाव आणि ४४ की ८४, तेवढा आकडा ठोकून ठेवा.