ड्वार्फ सिक्लिड : संगोपन व प्रजनन

सिक्लिडी मत्स्यकुलातील, पूर्ण वाढ झाल्यावरही साधारणतः १० सेंमी.च्या आत राहणाऱ्या जातींना ड्वार्फ सिक्लिड म्हणतात. हा शास्त्रीय वर्ग नसून हौशी मत्स्यपालकांनी सोयीसाठी पाडलेला गट आहे, त्यामुळे त्याच्या सीमा सैल आहेत. दक्षिण अमेरिकेतील ॲपिस्टोग्रामा (रेगन, १९१३) ही प्रजाती त्याचा गाभा होय. ओरिनोको खोऱ्यातील रॅम (मिक्रोजिओफेगस रामिरेझी) व पश्चिम आफ्रिकेतील क्रिबेन्सिस (पेल्विकाक्रोमिस पुल्कर) या जातीही टाक्यांत पुष्कळ पाळल्या जातात. पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातील शंखात राहणाऱ्या जातींनाही काही लेखक याच गटात घेतात. मात्र त्यांना अल्कधर्मी, कठीण पाणी लागत असल्याने त्यांचा विचार स्वतंत्रपणे करणे युक्त ठरते.

एका जोडीला ६० सेंमी. लांबीची टाकी पुरते. हे मासे तळाशी आपली हद्द राखतात, म्हणून टाकीच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. तळाला बारीक वाळू, वाळलेली पाने, लाकडाचे ओंडके व नारळाच्या करवंटीसारखे आडोसे असावेत. बहुतेक ॲपिस्टोग्रामांना मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी व २४–२७° से. तापमान मानवते, रॅमला २७–३०° से. लागते. नव्या, जैविक गाळणी (घातक द्रव्ये पचवणारे जिवाणू) न रुळलेल्या टाकीतील अमोनिया व नायट्राइट यांना हे मासे लवकर बळी पडतात.

रॅम सपाट दगडावर उघड्यावर अंडी घालतो आणि नर-मादी दोघे राखण करतात. ॲपिस्टोग्रामाची मादी बिळाच्या छताला अंडी चिकटवते. एक नर अनेक माद्यांच्या हद्दींवर फिरतो, तर अंडी-पिल्लांची निगा मुख्यतः मादीकडे असते. या काळात ती पिवळीधमक होते व अंगावरच्या काळ्या खुणा ठसठशीत दिसू लागतात. धोका जाणवताच ती पर झटकते. पिल्ले तत्क्षणी तळाशी बसून निश्चल होतात. लहान टाकीत अशी मादी नराला ठारही मारू शकते, त्याला दडायला जागा हवीच. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात आणि आणखी सुमारे पाच दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. तेव्हापासून नुकतेच उबवलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीव) हे त्यांचे उत्तम खाद्य.

एका विणीत जवळजवळ सर्व नर किंवा सर्व माद्या निघणे ही पालकांची जुनी तक्रार. रुबिन यांनी १९८५ मध्ये क्रिबेन्सिसमध्ये दाखवले, की आम्लधर्मी पाण्यात नर अधिक निपजतात, उदासीन पाण्यात माद्या. रोमर व बाइझनहेर्त्स यांच्या १९९६ च्या अभ्यासात ॲपिस्टोग्रामाच्या ३० हून अधिक जातींत तापमानाचा प्रभाव आढळला: अधिक उष्ण पाण्यात नर, थंड पाण्यात माद्या जास्त. सामूचा (पीएच) परिणाम मात्र मोजक्याच जातींत दिसला. विशिष्ट लिंगाची पिल्ले अधिक मरत असल्याने प्रमाण बिघडत असावे, अशी शंका घेता येते. तथापि पर्यावरणामुळे प्रत्यक्ष लिंगनिश्चितीच बदलते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पिल्लांच्या पहिल्या काही आठवड्यांतच हा कौल लागत असल्याने नंतर पाणी बदलून उपयोग होत नाही. संतुलित वीण हवी असल्यास सुरुवातीपासून २६° से.च्या आसपास तापमान ठेवावे. क्रिबेन्सिसमध्ये तर बालवयातील सामूनुसार नरांचे रंगप्रकारही बदलतात, असे पुढील संशोधनात दिसले आहे.

व्यापारी पैदाशीतील रॅमच्या जोड्या स्वतःची अंडी वारंवार खातात. पिढ्यान्‌पिढ्या अंडी काढून घेऊन वेगळी उबवल्याने त्यांची संगोपनवृत्ती क्षीण झाली असावी, असे अनेक पालक मानतात. अशा जोडीला तीन-चार विणींची संधी देऊन पाहणे इष्ट.