वाहन की यंत्र? बांधकाम यंत्रांच्या उत्पादकांची संघटना आणि तिच्यामागचा इतिहास

साइटवर यंत्रांना आपण कंपनीच्या नावानेच हाक मारतो. पुढे लोडर आणि मागे खोदायचा हात असला की जेसीबी, लोखंडी साखळीपट्ट्यांवर चालत असेल तर पोकलेन, मुरूम वाहून नेणारा मोठा टिपर असेल तर हायवा. पोकलेन हे पोक्लें या फ्रेंच कंपनीचे नाव. तिची एक्सकॅव्हेटर, म्हणजे खोदायची, यंत्रे लार्सन अँड टुब्रो भारतात बनवत असे. हायवा ही ट्रकचा हौदा उचलणारा जॅक बनवणारी कंपनी. सरकारी कागदावर यातले एकही नाव नाही. तिथे जेसीबी हे 'बांधकाम उपकरण वाहन' आहे, हायवा साधे मालवाहू वाहन आहे आणि लोखंडी साखळीवरचे पोकलेन मोटार वाहन नियमांतल्या बांधकाम वाहनाच्या व्याख्येत बसतच नाही. एकाच खड्ड्यावर राबणाऱ्या तीन यंत्रांना तीन वेगळे न्याय. इंडियन कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, म्हणजे 'आयसेमा', या संघटनेच्या बहुतेक कामाचे मूळ या गोंधळात आहे.

सुरुवातीच्या काळात संघटनेची फारशी गरज भासली नव्हती. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९६१ साली जमशेदपूरला क्रेन आणि एक्सकॅव्हेटर बनवायला घेतले. १९६४ मध्ये भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. गिऱ्हाईक म्हणजे कोळसा खाणी, पाटबंधारे खाते, लष्कर. टेंडर निघायचे, यंत्र जायचे. १९७९ मध्ये एस्कॉर्ट्स आणि ब्रिटनच्या जेसीबीने हरियाणातल्या बल्लभगडला एकत्र कारखाना काढला आणि बॅकहो लोडर, म्हणजे आपला 'जेसीबी', हळूहळू गावोगाव पोचला. खरी उलथापालथ झाली ती १९९८ नंतर. राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्प आला, डिसेंबर २००० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना आली आणि कर्जावर एकच यंत्र घेऊन ते तासाने भाड्याने देणारा मालक हा मोठा ग्राहक झाला. त्याची आरटीओ, विमा, टॅक्स, सगळ्याशी गाठ पडायची. एकट्या कंपनीने दिल्लीत जाऊन हे सुटणारे नव्हते. आयसेमाचे आधीचे नाव इंडियन अर्थमूव्हिंग अँड कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री असोसिएशन होते. भारतीय उद्योग महासंघाच्या, म्हणजे सीआयआयच्या, आधाराने ती वाढली. बंगळुरूला दर दोन वर्षांनी भरणारे 'एक्सकॉन' प्रदर्शनही सीआयआयचेच, आणि आयसेमा त्यातली भागीदार.

अमेरिकेत अशा संघटनेची मुळे १८९४ पर्यंत जातात. तिथे शेती अवजारे आणि बांधकाम यंत्रे यांच्या दोन संघटना २००२ साली एक झाल्या. युरोपातली अशीच संघटना, 'सीईसीई', १९५९ची. आपल्याकडे ही वाट उशिरा सुरू झाली, पण आल्या आल्या थेट कायद्याशी भिडावे लागले.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २००० साली 'बांधकाम उपकरण वाहन' ही व्याख्या आली. रबरी टायर, रबरी पॅड किंवा पोलादी ड्रमवर स्वतःच्या ताकदीने चालणारे यंत्र, ज्याचे मुख्य काम रस्त्याबाहेर आहे आणि जे रस्त्यावर थोडाच वेळ, ताशी ५० किलोमीटरच्या आत धावते. नोंदणी बिगर-परिवहन वाहन म्हणून. प्रवासाच्या स्थितीत रुंदी ३ मीटरपर्यंत चालते, पण २.६ मीटरच्या पुढच्या भागावर पुढून-मागून पिवळे-काळे पट्टे हवेत. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, बोस अब्राहम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक्सकॅव्हेटर आणि रोड रोलर ही मोटार वाहनेच आहेत, त्यांवर कर लागतो, असे ठरवले. आमचे यंत्र कुंपणाच्या आतच चालते, हा मालकाचा बचाव टिकला नाही.

वाहन ठरले की धुराचे नियम आले. चाकाच्या यंत्रांना भारत स्टेज २ ही पातळी २००७ पासून टप्प्याटप्प्याने आणि स्टेज ३ एप्रिल २०११ पासून लागू झाली. मग दहा वर्षे काहीच नाही. कारण इंधनात होते. पुढच्या पातळीला लागणारे १० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग, गंधकाचे डिझेल देशभर मिळू लागले ते एप्रिल २०२० मध्ये. स्टेज ४ आधी ऑक्टोबर २०२० ला यायचा होता, तो १ एप्रिल २०२१ वर गेला. त्याच वेळी गाड्यांच्या 'बीएस'शी, म्हणजे भारत स्टेजशी, घोळ होऊ नये म्हणून नाव 'सीईव्ही (कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट व्हेइकल) स्टेज' असे वेगळे केले. स्टेज ५ चाकाच्या यंत्रांना १ जानेवारी २०२५ पासून लागला.

आकडे पाहिले की उडी कळते. ७५ ते १३० किलोवॉटच्या इंजिनाला स्टेज ३ मध्ये प्रति किलोवॉट-तास ०.३ ग्रॅम धुरातल्या कणांची मुभा होती, स्टेज ४ मध्ये ०.०२५, स्टेज ५ मध्ये ०.०१५, शिवाय कणांची संख्याही मोजायची. ५६ किलोवॉटच्या वर नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ०.४ ग्रॅम, त्याच्या खाली मात्र हायड्रोकार्बन धरून ४.७. म्हणून बरेच बॅकहो ५५ किलोवॉटवर, म्हणजे सुमारे ७४ एचपीवर, बांधले जातात. एक किलोवॉट सोडला की युरियाची टाकी, पंप आणि त्या युरियाने धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारा एससीआर उत्प्रेरक हा सगळा खर्च वाचतो.

साइटवर बिघडते ते नेमके इथे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, डिझेलचा दाब हजार बारच्या वर असतो. बॅरलमध्ये साठवलेल्या डिझेलमधले पाणी आणि बारीक धूळ इंजेक्टर खाते, म्हणून फिल्टरखालचे पाणी रोज सोडायलाच हवे. डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, स्वच्छ व्हायला आतले तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांवर जावे लागते. डंपरची वाट बघत ऑपरेटरने तासभर इंजिन नुसते चालू ठेवले की धूर थंडच राहतो आणि काजळी साचते. दिवा लागल्यावर यंत्र उभे करून ती जाळायची असते. जेवणाची सुट्टी झाली म्हणून मध्येच चावी काढली की काजळी तशीच राहते, दोन-तीनदा असे झाले की इंजिन ताकद कमी करते. ऑइल कमी राखेचेच हवे, कारण काजळीसारखी राख गाळणीत जळत नाही. युरियाचे द्रावण ३२.५ टक्क्यांचे, शुद्ध पाण्यातले. पोत्यातला शेतीचा युरिया बादलीत विरघळवू नका. त्याला २०१५ पासून कडुनिंबाचा थर असतो आणि तो उत्प्रेरक बिघडवतो.

सुरक्षेचा भाग पुण्याशी जोडलेला आहे. 'एआयएस-१६०' हे मानक एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या पुण्यातल्या संस्थेच्या सचिवालयातून आले. त्याचा पहिला टप्पा एप्रिल २०२१ ला, दुसरा एप्रिल २०२४ ला लागू झाला. ब्रेक, आवाज, ऑपरेटरची दृष्टी, सीटबेल्ट आणि यंत्र उलटले तरी केबिन चिरडू न देणारी चौकट, म्हणजे रोप्स. या चौकटीवर पंखा, दिवा किंवा छत बसवायला वेल्डिंग किंवा भोक केले की तिची चाचणी रद्द झाली असे समजावे. आणि बेल्ट न लावता रोप्सचा उपयोग नाही. यंत्र कलंडताना बाहेर फेकला गेलेला माणूस त्याच चौकटीखाली सापडतो.

ऑपरेटर तयार करायला आयसेमा आणि सीआयआयने इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल उभे केले. विक्रीचे आकडेही संघटनाच गोळा करते. निर्यात धरून २०२३-२४ मध्ये सुमारे १.३५ लाख यंत्रे विकली गेली, त्याच्या पुढच्या वर्षी सुमारे १.४० लाख. तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांचा त्यात वाटा आहे.

साखळीपट्ट्यांवरचे पोकलेन इतकी वर्षे या सगळ्याबाहेर राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये अवजड उद्योग मंत्रालयाने यंत्र-सुरक्षेचा एकत्रित तांत्रिक आदेश काढला. त्यात माती हलवणारी यंत्रे 'यंत्र' म्हणूनच धरली होती, भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्रासह. अंमलबजावणीची तारीख ऑगस्ट २०२५ होती, ती नंतर १ सप्टेंबर २०२६ वर ढकलली गेली.