सांडपाण्यातली संप्रेरकं : उपाय हाताशी, खर्च कुणाचा?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ली नदीच्या परिसरात, सांडपाणी केंद्रांच्या तळ्यांत, नर-मादी दोन्हींची लक्षणं असलेले रोच मासे सापडले. पुढे जीवशास्त्रज्ञ जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर ट्राउट मासे पिंजऱ्यांत घालून ते केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ठेवले. काही आठवड्यांतच त्यांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन प्रचंड वाढलं. अंड्यातल्या बलकासाठी मादीचं यकृत तयार करतं ते हे प्रथिन. नरात ते जवळपास नसतंच. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

एक संशय डिटर्जंटपासून तयार होणाऱ्या नोनिलफेनॉलवर होता, आणि काही नद्यांत तो खराही ठरला. पण घरगुती सांडपाण्याचे घटक वेगळे करून एकेक तपासले, तेव्हा १९९८ मध्ये मुख्य दोषी समोर आले : माणसाच्या लघवीतून येणारी इस्ट्रॅडिओल आणि इस्ट्रोन ही स्त्री-संप्रेरकं, आणि त्यांच्या जोडीला गर्भनिरोधक गोळीतलं एथिनिलइस्ट्रॅडिओल.

हे तिसरं संयुग बर्लिनच्या शेरिंग कंपनीत १९३८ मध्ये तयार झालं. नैसर्गिक इस्ट्रॅडिओल तोंडावाटे घेतलं तर यकृत ते पटकन निकामी करतं. म्हणून रेणूला एथिनिल गट जोडला आणि तो टिकू लागला. गोळी परिणामकारक होण्यामागे हाच टिकाऊपणा आहे, आणि सांडपाण्यातल्या जिवाणूंनाही हा रेणू सहज मोडता येत नाही तो याचमुळे. त्यात आणखी एक गोष्ट. शरीर ही संप्रेरकं बाहेर टाकताना त्यांना एक आम्ल चिकटवून निष्क्रिय करतं. गटारातले जिवाणू तेच तोडून टाकतात आणि संप्रेरक पुन्हा जागं होतं.

प्रक्रिया केंद्रांना दोष देण्यात अर्थ नाही. आजही सर्वत्र वापरली जाणारी सक्रिय गाळाची पद्धत, म्हणजे हवा देऊन जिवाणूंकडून घाण खाऊन घेणं, १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली, ती सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजायचं काही पकडणं हे तिचं कामच नव्हतं.

एवढ्याशा प्रमाणाने काय होणार, या शंकेला कॅनडातल्या एका तळ्याने उत्तर दिलं. ओंटारियोच्या प्रायोगिक सरोवर क्षेत्रात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं तळ्यातलं एथिनिलइस्ट्रॅडिओल लिटरला ५-६ नॅनोग्रॅम इतकं ठेवलं गेलं. फॅटहेड मिनो हा छोटा मासा तिथून जवळजवळ नाहीसा झाला. मिसळणं थांबवल्यावर काही वर्षांनी त्याची संख्या सावरली, ही त्यातली दिलासा देणारी बाजू.

ही संप्रेरकं पाण्यातून काढायची कशी, हे मात्र फार आधीपासून माहीत होतं. ओझोनने पिण्याचं पाणी शुद्ध करणं फ्रान्सच्या नीस शहरात १९०६ पासून सुरू होतं. ओझोन या संप्रेरकांच्या रेणूतल्या फिनॉल नावाच्या कड्यावर हल्ला करतो आणि रेणूची संप्रेरकासारखी ताकद जाते. उरलेले तुकडे पुढच्या वाळूच्या गाळणीतले जिवाणू बऱ्याच अंशी खातात. दुसरा मार्ग सक्रिय कोळशाचा : रेणू त्याच्या छिद्रांत चिकटून बसतात.

अडलं ते पैशावर. युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये एथिनिलइस्ट्रॅडिओलसाठी लिटरला ०.०३५ नॅनोग्रॅम ही मर्यादा सुचवली. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याचा खर्च २६ ते ३० अब्ज पौंडांपर्यंत जाईल असा अंदाज पुढे आला आणि २०१३ मध्ये हे संयुग केवळ निरीक्षण यादीत, म्हणजे मर्यादा न घालता फक्त मोजत राहायच्या पदार्थांत, गेलं. नद्यांचा विचार करता ती माघारच होती.

स्वित्झर्लंडने निराळी वाट धरली. ड्यूबेनडॉर्फच्या नोयगुट केंद्रात २०१४ मध्ये पूर्ण क्षमतेची ओझोन प्रक्रिया सुरू झाली. २०१६ पासूनच्या कायद्याने निवडक केंद्रांना संप्रेरकं, औषधं यांसारखी सूक्ष्म प्रदूषकं ८० टक्के काढणं बंधनकारक केलं आणि त्यासाठी माणशी वर्षाला कमाल ९ फ्रँक शुल्क ठरवलं. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात सूक्ष्म प्रदूषकं काढण्याच्या या जादा, चौथ्या टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांवर टाकला. औषध उद्योग त्याविरुद्ध न्यायालयात गेला आहे.